परक्या मुलखात भाषा शिकताना

परदेशात राहायला गेले की तिथली भाषा आपोआप येते, असे आपल्याकडे सर्रास मानले जाते. "कानावर पडत राहिली की सहा महिन्यांत माणूस बोलायला लागतो," असे जाणाऱ्याला सांगून मोकळे होतात. खरे तर याच्या उलट उदाहरणे आपल्या घराघरांत आहेत. कुवेत, कतार, सौदीत वीस-वीस, पंचवीस-पंचवीस वर्षे काढून परतलेले किती तरी चाचा-मामा आपल्या ओळखीचे असतील. तिथे त्यांची हिंदी सफाईदार झाली, काहींना मल्याळम समजू लागले, पण अरबी मात्र दहा-वीस कामचलाऊ वाक्यांपलीकडे गेली नाही. यात त्यांचा आळस नव्हता. राहणे कॅम्पात, जेवणखाण आपल्या माणसांत, काम आपल्याच फोरमनच्या हाताखाली. अरबीवाचून त्यांचे काही अडत नव्हते. आणि जिच्यावाचून अडत नाही, ती भाषा येत नाही.

आम्ही चिपळूणकडचे. नवरा, बायको, नऊ वर्षांची मुलगी आणि चार वर्षांचा मुलगा असे आमचे कुटुंब स्पेनमधल्या ग्रानाडा शहरात तीन वर्षे राहिले. आमच्यापैकी एकाला तिथल्या विद्यापीठात संशोधनाचे काम होते, दुसरीने घर आणि मुले सांभाळली. ग्रानाडा हे सिएरा नेवादा पर्वताच्या पायथ्याचे, सव्वादोन लाखांच्या आसपास वस्तीचे शहर. अल्हंब्रा राजवाडा तो इथलाच. आज आपली मुले शिक्षणासाठी, नोकरीसाठी जर्मनी, स्पेन, जपानपर्यंत जाऊ लागली आहेत आणि मागोमाग बायका-मुलेही जातात. त्या सर्वांना उपयोगी पडेल, या हेतूने आम्ही आमचा अनुभव लिहीत आहोत.

पाण्यात राहून कोरडे

पहिले सहा-सात महिने आम्ही स्पेनमध्ये होतो, पण स्पॅनिशमध्ये नव्हतो. प्रयोगशाळेत सगळा कारभार इंग्रजीत. घरात आमची कोकणी मराठी, उर्दू, आणि रात्री चिपळूणला व्हिडिओ कॉल. मांस घ्यायचे ते मोरोक्कोच्या माणसाच्या हलाल दुकानातून. तिथे सलाम झाला की पुढचे काम बोटांनी होत असे. बाकी सामान सुपरमार्केटमधून. तिथे तर तोंड उघडायची गरजच नाही. टोपलीत टाका, पैसे द्या, बाहेर पडा.

तरी त्या दिवसांत एक शब्दसंग्रह मात्र भराभर वाढला. कोणत्याही मुस्लिम कुटुंबाची स्पॅनिश बहुधा तिथूनच सुरू होते. 'सेर्दो' म्हणजे डुक्कर, 'खामोन' म्हणजे त्याची खारवलेली मांडी, 'तोसिनो' म्हणजे त्याची चरबी, 'विनो' म्हणजे दारू. 'मान्तेका' हा शब्द अर्जेंटिनात लोण्यासाठी वापरतात, पण स्पेनमध्ये तो बहुतेक वेळा डुकराच्या चरबीसाठी असतो. नाताळात घरोघरी वाटले जाणारे 'मान्तेकादो' हे खुसखुशीत लाडू त्याच चरबीत करतात. उलट 'तोसिनो दे सिएलो' या मिठाईच्या नावात चरबी असली, तरी ती असते निव्वळ अंड्याच्या पिवळ्या बलकाची आणि साखरेची. पाकिटावरचे बारीक अक्षर वाचता वाचता आम्ही वाचायला शिकलो. पण वाचणे वेगळे आणि बोलणे वेगळे. दारात प्रेमाने मान्तेकादोची बशी घेऊन आलेल्या शेजारणीला, तिचे मन न दुखवता 'आम्ही का खात नाही' हे सांगायला पाकिटावरचे शब्द पुरत नाहीत.

मुलांचे मात्र वेगळे होते. आंदालुसिया प्रांतातल्या सरकारी शाळांत परदेशातून नव्याने आलेल्या मुलांसाठी भाषेचे खास वर्ग घेतात, त्यांना 'आताल' म्हणतात. आठवड्यातले काही तास तिथे आणि बाकी वेळ नेहमीच्या वर्गात. आमची मुलगी पहिले तीन-चार महिने शाळेत जवळजवळ गप्प होती. आमच्या जिवाला घोर लागला. तिच्या बाईंनी सांगितले, काळजी करू नका, ती ऐकते आहे, साठवते आहे. तसेच झाले. वसंत ऋतूत एक दिवस ती बोलू लागली आणि मग थांबलीच नाही. वर्षाच्या आत तिचे उच्चार पक्के ग्रानाडी झाले.

इथेच आमच्या घरात, नकळत, एक उलटापालट झाली. दारावर कुणी आले, विजेचे बिल समजले नाही, घरमालकाचा फोन आला की आम्ही हाक मारायचो ती लेकीला. नऊ वर्षांची पोर घराची दुभाषी झाली होती.

दवाखान्यातली दुपार

दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला घरातल्या आईला बायकांचे एक दुखणे सुरू झाले. रक्तस्राव थांबेना, पोटात दुखत राही. वस्तीतल्या सरकारी आरोग्य केंद्रात वेळ मिळाली ती नेमकी अशा दिवशी, की नवरा कामासाठी माद्रिदला होता. मग आईबरोबर लेक गेली. डॉक्टरीणबाई चांगल्या होत्या, सावकाश बोलत होत्या. पण प्रश्न असे होते, की ते नऊ-दहा वर्षांच्या मुलीच्या तोंडून आईला विचारले जावेत असे कुणालाच वाटणार नाही. काही शब्द मुलीला स्पॅनिशमध्ये कळले, तरी त्यांना घरच्या बोलीत काय म्हणतात ते तिला माहीतच नव्हते. ते आम्ही तिला कधी सांगितलेच नव्हते. "अम्मी, त्या काहीतरी विचारतायत, मला सांगता येत नाही," एवढेच ती म्हणाली आणि लाल होऊन खाली बघत बसली.

शेवटी डॉक्टरीणबाई दोन-तीन वाक्ये बोलल्या. मुलीने सांगितले, "काही नाही म्हणतात, एक तपासणी करायची आहे." आई निर्धास्त होऊन घरी आली. रात्री मुलगी झोपेना. अकरा वाजता अंथरुणातून उठून आली आणि विचारले, "अम्मी, तू मरणार तर नाहीस ना?" मग उलगडा झाला. डॉक्टरीणबाईंनी सांगितले होते, की गाठ आहे, बहुधा साधीच असेल, पण ती वाईट नाही याची खात्री करायला तपासणी हवी. मुलीला सगळे कळले होते. आई घाबरू नये म्हणून तिने निम्मे गिळले होते आणि ते ओझे सबंध दिवस एकटीने वाहिले होते.

अल्हम्दुलिल्लाह, गाठ साधी निघाली. पण त्या रात्री आम्ही दोघांनी ठरवले, की यापुढे या घरात मुलांना दुभाषी करायचे नाही. मूल शब्द पटकन शिकते, पण मोठ्यांच्या जगाचा भार पेलण्याइतके ते मोठे झालेले नसते. शिवाय जे मूल आईवडिलांचे बोलणे लोकांना आणि लोकांचे बोलणे आईवडिलांना सांगते, त्याच्या हातात घराच्या चाव्या जातात. शाळेतून आलेली चिठ्ठी वाचून दाखवताना ते काय वाचील आणि काय गाळील, हे आपल्याला कसे कळणार? स्थलांतरित कुटुंबांत आईवडिलांचा शब्द हलका होण्याचे हे एक मोठे कारण आहे.

तेव्हा प्रश्न स्पॅनिश येण्याचा राहिला नव्हता. आई पुन्हा आई होण्याचा होता.

अडेल अशी व्यवस्था

आम्ही काय केले ते क्रमाने सांगतो. यात विशेष काही नाही आणि खर्चही फारसा नाही.

पहिले म्हणजे सुपरमार्केट कमी केले आणि भाजी, फळे, मासे मंडईतून आणू लागलो. स्पेनच्या मंडईत एक छान रीत आहे. दुकानासमोर रांग लावत नाहीत. आलेल्या माणसाने जमलेल्यांना विचारायचे, "क्येन एस एल उल्तिमो?" म्हणजे "शेवटचे कोण?" कुणीतरी हात वर करतो, आणि त्याच्यानंतर आपला नंबर. दवाखान्यातही पुष्कळदा हीच पद्धत असते. हे वाक्य बोलल्याशिवाय आपला नंबर लागत नाही, म्हणून ते पहिल्याच दिवशी येते. मग पुढच्याने आपल्याला विचारले की उत्तर द्यावे लागते. मासेवालीला पापलेट नव्हे, तर इथले 'बोकेरोन' कसे साफ करून हवेत ते सांगावे लागते. पंधरा मिनिटांच्या बाजारात वीस वाक्ये होतात, आणि उद्या पुन्हा तीच वीस. पाठांतर नको, घोकंपट्टी नको.

दुसरे, आई सरकारी प्रौढ शिक्षण केंद्रात जाऊ लागली. अशी केंद्रे स्पेनमध्ये ठिकठिकाणी आहेत आणि तिथे परदेशी माणसांना स्पॅनिश शिकवतात. शिवाय 'एस्कुएला ओफिसियाल दे इदिओमास' या सरकारी भाषाशाळा आहेत, त्यांची फी खासगी वर्गांच्या मानाने बरीच कमी असते. केंद्रातल्या वर्गात मोरोक्कोच्या, सेनेगलच्या, युक्रेनच्या, चीनच्या बायका होत्या. एकीची भाषा दुसरीला येत नव्हती. त्यामुळे मधल्या सुट्टीत मुलांविषयी, भाड्याविषयी, सासूविषयी बोलायचे तर मोडकीतोडकी स्पॅनिशच बोलावी लागे. पुस्तकापेक्षा त्या सुट्टीत जास्त शिकणे झाले. आपल्याच भाषेच्या चार बायका एका वर्गात असत्या, तर ते झाले नसते.

तिसरे, एक माणूस धरला. आमच्या इमारतीत तळमजल्यावर सत्तरी ओलांडलेल्या एक आजीबाई एकट्या राहत. त्यांना वेळ होता आणि ऐकणारे कुणी नव्हते. आईला ऐकायचे होते. मंगळवारी आणि गुरुवारी संध्याकाळी एक तास आई त्यांच्याकडे जाऊन बसे. त्या विणकाम करत बोलत, आईला 'इखा' म्हणजे 'लेकी' म्हणत. चुकले तर शिक्षिकेसारखे थांबवत नसत. तेच वाक्य बरोबर करून पुन्हा स्वतः म्हणत आणि पुढे जात. भाषा शिकवण्याची याहून चांगली पद्धत आम्ही पाहिली नाही. रमजानमध्ये त्यांनी विचारलेला प्रश्न स्पेनमध्ये राहणाऱ्या बहुतेक रोजेदारांना ठाऊक असेल: "नी आग्वा?" म्हणजे "पाणीसुद्धा नाही?" रोजा का, कधीपासून कधीपर्यंत, आजाऱ्याने काय करायचे, हे समजावून सांगताना आईने एका महिन्यात जेवढी वाक्ये जुळवली तेवढी वर्गात चार महिन्यांत जुळवली नसती. आणि इफ्तारची भजी आजीबाईंना फार आवडली.

चौथे, घरात एक नियम केला. उंबऱ्याबाहेर मुलांनी आमच्या वतीने बोलायचे नाही. आम्ही अडखळलो तरी थांबायचे. हे मुलांना फार जड गेले, कारण आमचे अडखळणे ऐकून त्यांना संकोच वाटे. पण हळूहळू त्यांनाही कळले, की अडखळणारा माणूस कमी नसतो.

स्पेनमधल्या रीतीभातींविषयी आपल्या बहिणींच्या मनात काही शंका असतात. तिथे ओळख होताना बायका-पुरुष दोन्ही गालांशी गाल लावून भेटतात. आपल्याला ते जमत नसेल तर हसून छातीवर हात ठेवावा आणि 'एन्कान्तादा' म्हणजे 'भेटून आनंद झाला' म्हणावे. आमच्या अनुभवात कुणी वाईट मानले नाही. तिथे 'बार' म्हणजे केवळ दारूचे दुकान नव्हे. सकाळी तिथेच लोक कॉफी आणि टोमॅटो-ऑलिव्ह तेल लावलेला पाव खातात, आजी-आजोबा नातवंडांना घेऊन बसतात. ज्यांना तिथे बसणे रुचत नाही त्यांना बागेतले बाकडे आहे, शाळेचे फाटक आहे, मस्जिद आहे. आम्ही जात असू त्या मस्जिदीत स्पॅनिश बोलणारे मुसलमान खूप होते. माणसे बोलतात तिथे जाऊन उभे राहायचे, एवढेच महत्त्वाचे.

किती वेळ लागतो, असे पुष्कळजण विचारतात. इंग्रजी मातृभाषा असलेल्या आपल्या अधिकाऱ्यांना स्पॅनिश कामापुरती पक्की यायला वर्गात ६०० ते ७५० तास लागतात, असा अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याच्या भाषाशाळेचा हिशेब आहे. रोजचे दोन तास धरले तर एक वर्ष होते. घर सांभाळून शिकणाऱ्या आईला दीड वर्ष लागले. पुढच्या खेपेला ती त्याच आरोग्य केंद्रात एकटी गेली. वहीत दहा वाक्ये लिहून नेली होती, त्यांतली सहा वापरली. काय झाले ते घरी येऊन तिनेच सगळ्यांना सांगितले. मुलगी तोवर खाली अंगणात खेळत होती.

आपल्याला काय सोपे, काय अवघड

मराठी मुसलमानाच्या घरात एकाच दिवसात तीन-चार भाषा वावरतात. घरची बोली, शाळेतली मराठी, मोहल्ल्यातली उर्दू, बाजारातली हिंदी, आणि नमाजेत व तिलावतीत अरबी. आपल्याला याचे काही वाटत नाही, पण परक्या भाषेपुढे हे भांडवल फार कामाला येते.

स्पॅनिशचे त आणि द हे आपलेच दंत्य त आणि द आहेत. इंग्रज मंडळींना ते जमवायला वेळ लागतो. स्पॅनिशचा जो 'खोता' वर्ण आहे, त्याचा पुस्तकी उच्चार म्हणजे आपल्या उर्दूतला 'ख़ुदा'मधला ख़. माद्रिदकडे काही अक्षरे अरबी 'से' (ث) सारखी, जीभ दातांत धरून उच्चारतात. कुरआन तजवीदने शिकलेल्या मुलाला ती लगेच जमतात.

व्याकरणातही पुष्कळ ओळखीचे भेटते. स्पॅनिशमध्ये दोनच लिंगे आहेत. आपल्याकडे तीन, म्हणजे एक ओझे कमीच. 'चांगला मुलगा, चांगली मुलगी' तसे तिथेही विशेषण बदलते. 'मला चहा आवडतो' हे स्पॅनिशमध्ये 'मे गुस्ता एल ते'. इथे चहा हा कर्ता आणि आपण 'मला'. संत्री अनेक असली की 'आवडतात', तसे तिथे 'मे गुस्तान'. इंग्रजीवरून शिकणाऱ्यांना ही रचना उलटी वाटते. आपल्याला ती सरळ वाटते. म्हणून आमचा सल्ला असा, की स्पॅनिश इंग्रजीच्या खिडकीतून शिकू नये. वाक्य मनात मराठीत धरावे.

'तू' हा शब्द तर स्पॅनिशमध्येही 'तू'च आहे, आणि आदराने 'उस्तेद'. हा आपल्या 'उस्ताद'वरून आला असे काहीजण हौसेने सांगतात, पण तो 'वुएस्त्रा मेर्सेद' म्हणजे 'आपली कृपा' या जुन्या संबोधनाचे संक्षिप्त रूप आहे. अडचण वेगळीच असते. स्पेनमध्ये दुकानदार, शिक्षक, सहकारी सर्रास एकमेकांना 'तू' म्हणतात. वडीलधाऱ्यांना अहो-जाहो करणाऱ्या आपल्या जिभेला ते बरेच दिवस रुचत नाही.

अवघडही आहे. आपल्या एका 'आहे'ला तिथे दोन क्रियापदे आहेत, 'सेर' आणि 'एस्तार'. मुळातला गुण सांगायचा तर एक, सध्याची अवस्था सांगायची तर दुसरे. शब्द एकच ठेवून क्रियापद बदलले, तर 'ती कंटाळवाणी आहे' याचे 'तिला कंटाळा आला आहे' होते. शब्दांचे साम्यही फसवते. 'एम्बारासादा' हा शब्द इंग्रजी 'एम्बॅरॅस्ड'सारखा दिसतो, पण त्याचा अर्थ गरोदर. 'कोन्स्तिपादो' म्हणजे बद्धकोष्ठ नव्हे, सर्दी-पडसे. औषधाच्या दुकानात जाण्याआधी हा फरक माहीत असलेला बरा.

आणि ग्रानाडाची बोली. पुस्तकात 'मास ओ मेनोस' म्हणजे 'कमी-जास्त', तर गल्लीत 'मा ओ मेनो'. शब्दाच्या शेवटचा 'स' गिळतात आणि अनेकवचन दाखवायला आधीचा स्वर थोडा पसरट करतात. पुस्तकी स्पॅनिश शिकून आलेल्याला पहिल्या दिवशी वाटते, आपण चुकीच्या देशात उतरलो. पुण्याची मराठी शिकून कुणी थेट आमच्या दाभोळ खाडीच्या काठी उतरावे, तसे ते आहे. कानाला एकच उपाय, पुन्हा पुन्हा ऐकणे.

ओळखीचे पाहुणे

स्पेनच्या मोठ्या भागावर ७११ सालापासून मुस्लिम सत्ता होती. ती आक्रसत गेली आणि शेवटचे राज्य ग्रानाडा २ जानेवारी १४९२ रोजी संपले. त्या शतकांनी स्पॅनिशमध्ये हजारो अरबी शब्द सोडले. गावांची नावे आणि साधित शब्द धरून ते सुमारे चार हजार भरतात, असा अंदाज आहे. भाषा शिकताना ते ओळखीच्या पाहुण्यांसारखे भेटत राहतात.

नगराध्यक्षाला 'आल्काल्दे' म्हणतात, तो आपला 'अल-काझी'. जकातखाना 'आदुआना', तो 'अद-दिवान'. ऑलिव्हचे तेल 'आसेइते', ते अरबी 'अज़-ज़ैत'. केशर 'आसाफ्रान', म्हणजे जाफरान. खोकल्याचे औषध 'खाराबे', ते आणि आपले सरबत एकाच अरबी धातूतले. 'फलाना' माणूस स्पॅनिशमध्ये 'फुलानो'. 'आस्ता लुएगो' म्हणजे 'पुन्हा भेटू', हे लिफ्टमधून उतरतानाही म्हणतात. त्यातला 'आस्ता' हा अरबी 'हत्ता', म्हणजे 'पर्यंत'. आणि 'असे झाले तर किती बरे' या अर्थी तिथला प्रत्येक माणूस, ख्रिस्ती असो वा नास्तिक, 'ओखाला' म्हणतो. हा शब्द 'अल्लाहने इच्छिले तर' या अर्थाच्या अरबी बोलातून आला आहे.

काही शब्द तर त्याहून लांबून आलेले. साखरेला 'आसूकार' आणि संत्र्याला 'नारांखा' म्हणतात. 'शर्करा' आणि 'नारंग' हे आपल्या मातीतले शब्द इराणातून अरबांकडे आणि तिथून स्पेनला पोहोचले. उलट दिशेने पोर्तुगीजांनी कोकण किनाऱ्यावर जे शब्द आणले, त्यांची भावंडेही तिथे भेटली. आपला पाव तो 'पान', आपली चावी ती 'यावे', आणि आपला पगार, तर 'पागार' म्हणजे पैसे देणे. आईने वहीत एक पान अशा शब्दांसाठी वेगळे ठेवले होते. परकी भाषा अगदीच परकी नाही, ही जाणीव नवशिक्याला मोठा धीर देते.

सक्तीची भाषा आणि स्वखुशीची भाषा

ग्रानाडात भाषा शिकणाऱ्याने एक जुनी गोष्ट माहीत करून घ्यावी. राज्य गेल्यानंतर इथल्या मुसलमानांना सक्तीने ख्रिस्ती करण्यात आले. त्यांना 'मोरिस्को' म्हणत. १५६७ च्या पहिल्या दिवशी ग्रानाडात राजा दुसऱ्या फिलिपचा हुकूम जाहीर झाला. तीन वर्षांत सर्वांनी स्पॅनिश शिकावी, त्यानंतर अरबी बोलणे, वाचणे, लिहिणे गुन्हा. पोशाख, हमामखाने, चालीरीती यांवरही बंदी आली. फ्रान्सिस्को नुन्येस मुलेय नावाच्या एका वृद्ध मोरिस्को गृहस्थाने अधिकाऱ्यांपुढे अर्ज मांडला. त्याचे म्हणणे साधे होते. ज्या खेड्यांत अरबीशिवाय दुसरी भाषा कधी कानावर पडली नाही, तिथल्या म्हाताऱ्या माणसांना तीन वर्षांत काय, उरलेल्या आयुष्यातही ही भाषा येणे कठीण. भाषेचा आणि धर्माचा संबंध काय, पूर्वेकडचे ख्रिस्ती लोकही अरबी बोलतातच, असेही त्याने दाखवले. कुणी ऐकले नाही. १५६८ मध्ये डोंगराळ आल्पुखारात बंड झाले, ते चिरडले गेले, आणि १६०९ ते १६१४ या काळात मोरिस्कोंना देशातूनच हाकलून देण्यात आले.

या गोष्टीला दुसरीही बाजू आहे. स्पेनच्या इतर भागांतले मुसलमान पिढ्यानपिढ्या स्पॅनिशच बोलत होते. त्यांनी आपली दीनी पुस्तके स्पॅनिश भाषेत, पण अरबी लिपीत लिहिली. या लेखनाला 'आल्खामियादो' म्हणतात. १८८४ मध्ये आल्मोनासिद दे ला सिएरा या गावात एका जुन्या घराच्या खोट्या जमिनीखाली लपवलेला अशा हस्तलिखितांचा मोठा साठा सापडला. म्हणजे ज्या भाषेची सक्ती झाली, त्याच भाषेत कुणी आपला ईमानही जपला होता. भाषा कुणा एका धर्माच्या मालकीची नसते. मराठीत लिहिणाऱ्या शेख महंमदांचा वारसा असलेल्या आपल्याला हे वेगळे सांगायला नको.

बंदीने आणि भीतीने भाषा येत नाही. गरज आणि माया असली तर येते. तळमजल्यावरच्या आजीबाईंनी एका वर्षात जे दिले, ते कोणत्याही हुकमाने दिले नसते.

घरची भाषा सोडू नका

इथे एक सावधगिरीची सूचना. कॅनडातले शिक्षणतज्ज्ञ जिम कमिन्स यांनी दाखवून दिले आहे, की परदेशी मूल खेळण्या-बोलण्याची भाषा साधारण दोन वर्षांत आत्मसात करते, पण शाळेच्या अभ्यासाची भाषा वर्गातल्या इतर मुलांच्या बरोबरीने यायला पाच ते सात वर्षे लागतात. मूल फडाफडा बोलते म्हणून त्याला सगळे समजते असे समजू नये. त्यांचेच म्हणणे असे, की पहिली भाषा पक्की असली तर दुसरीला तिचा आधार मिळतो. 'मुलांशी घरातही स्पॅनिशच बोला' असा सल्ला आम्हालाही काहींनी दिला. आम्ही तो मानला नाही. घरात आमची बोलीच ठेवली, रविवारी मुलीकडून एक पान मराठी वाचून घेतले. धाकट्याची मराठी मोडू लागली होती. 'पाणी पाहिजे'च्या जागी 'पाणी किएरो' होऊ लागले. तेव्हा चिपळूणच्या दादीने रोज फोनवर गोष्ट सांगायची जबाबदारी घेतली. आज त्याला दोन्ही येतात आणि दादीशी बोलायला दुभाष्या लागत नाही. आईला डॉक्टरांशी बोलायला जसा दुभाष्या नको, तसाच नातवाला दादीशी बोलायलाही नको.

जाणाऱ्यांसाठी चार शब्द

निघण्याआधी दोन-तीन महिने तरी भाषेची तोंडओळख करून घ्यावी. स्पॅनिशसाठी 'इन्स्तितुतो सेर्वान्तेस' ही १९९१ मध्ये स्थापन झालेली स्पेन सरकारची संस्था आहे, तिचे केंद्र नवी दिल्लीत आहे. तिची 'देले' ही परीक्षा जगभर मानली जाते. स्पेनचे नागरिकत्व मागणाऱ्या परदेशी प्रौढाला, मातृभाषा स्पॅनिश नसेल तर, निदान तिची ए-२ पातळी लागते.

तिथे पोहोचल्यावर पहिल्याच महिन्यात घरातल्या बाईचे नाव भाषेच्या वर्गात घालावे. 'नंतर बघू, मुले रुळू देत' असे म्हणू नये, कारण मुले रुळली की तिला घराबाहेर पडायचे कारणच उरत नाही. पती कामावर इंग्रजीने निभावून नेतो, मुलांना शाळा शिकवते. कोरडी राहते ती घरातली आई, आणि आजारपणात, अडीअडचणीत भाषेची गरज सर्वांत जास्त तिलाच पडते. ती वर्गात असेल ते दोन तास घर आणि मुले नवऱ्याने सांभाळावीत. आमच्याकडे तसेच झाले. त्याशिवाय हे झाले नसते.

दवाखान्यात मुलाला दुभाषी म्हणून नेऊ नये. ओळखीतल्या मोठ्या बाईला न्यावे, वाक्ये लिहून न्यावीत, फोनवर दुभाष्या मिळेल का ते विचारावे. आठवड्यातून दोन तास तरी असे ठेवावेत, की आपली भाषा येणारे कुणी जवळ नसेल. एखादे वयस्क, एकटे माणूस शोधावे. अशी माणसे प्रत्येक देशात, प्रत्येक इमारतीत असतात. त्यांना सोबत मिळते आणि आपल्याला भाषा, आणि शेजाऱ्याचा हक्कही अदा होतो.

परक्या देशात आपली रोजी अल्लाहने लिहिली असेल, तर तिथल्या माणसांशी बोलण्याची वाटही तो दाखवील. त्या वाटेवरचे पहिले पाऊल मात्र आपल्यालाच टाकावे लागते. मंडईत जाऊन मोठ्याने विचारावे लागते, "शेवटचे कोण?"